कोंबड्याच्या सालातली सून

पार्कसाहेब जेवायला येणार म्हणून श्रीधरने सकाळपासून तीन वेळा फरशी पुसून घेतली, आणि तिन्ही वेळा यमुनाबाई तिच्यावरून ओल्या पायांनी चालत गेल्या. मुद्दाम नव्हे. म्हणजे पहिल्या वेळी तरी मुद्दाम नव्हे.

"आत्या, माझे साहेब आहेत गं ते!"

"जेवायलाच येणार ना? की फरशीवर वाढायचंय?"

श्रीधरने बादली उचलून मोरीत नेली. पन्नाशी उलटली, केस गेले, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन झाली, तरी आत्यापुढे त्याची जीभ काही रेटत नसे. वाघोलीच्या पुढे कोरियन लोकांनी वॉशिंग मशीनचा कारखाना काढला होता, तिथे तो खरेदी खात्यात लागला होता. मुलाखत अडीच मिनिटांत आटोपली. "माझी आई कोरियन आहे," एवढं त्याने सांगितलं आणि समोरच्या साहेबाने उठून हात मिळवला. बँकेतल्या अठ्ठावीस वर्षांबद्दल कुणी एक अक्षर विचारलं नाही, याचं दुःख त्याला अजून होतं.

आई कोरियन, ही खळदकरांच्या घरात जुनी गोष्ट होती. कोथरूडच्या सोसायटीत मात्र दर दोन वर्षांनी नवा भाडेकरू यायचा आणि जिन्यात हळूच विचारायचा, "आजी नेपाळच्या का हो?" त्यावर श्रीधरची आई, दुर्गाबाई, शुद्ध पुणेरीत सांगायच्या, "नाही. आणि तुमची पादत्राणं जिन्यात ठेवू नका."

चोपन्न सालच्या मार्चात यमुनाबाईंचा धाकटा भाऊ रावसाहेब, घरातला राऊ, कोरियातून परतला. लष्कराच्या फिरत्या दवाखान्यात तो शुश्रूषेला होता, आणि तिथेच बँडेजच्या पट्ट्या धुणाऱ्या सुन-जा नावाच्या मुलीशी त्याने मेजरसाहेबांची परवानगी काढून लग्न लावलं होतं. लढाईत तिचं घर गेलं, आईबाप गेले. उरलं होतं ते एक गाठोडं आणि रावसाहेब. यमुनाबाई तेव्हा चोवीस वर्षांच्या, नवरा गेल्यामुळे माहेरी आलेल्या. आई नव्हती, त्यामुळे घरात सत्ता त्यांची. त्यांनी ते लग्न इथे पुन्हा रीतसर लावायला लावलं. ताटात तांदूळ पसरून अंगठीने सुनेचं नवं नाव लिहायची वेळ आली तेव्हा राऊ म्हणाला, 'सरोज'. यमुनाबाई म्हणाल्या, "तोफांतून चालत आलीय ती. सरोज कसली? दुर्गा लिही."

आणि मग, नाव लिहून झाल्यावर, त्यांनी तो प्रश्न विचारला.

"वय काय हिचं?"

"बावीस," राऊ म्हणाला. तो स्वतः एकवीस वर्षांचा होता.

झालं! नवऱ्यापेक्षा वयाने मोठी बायको! परदेशी, परजातीची, काड्यांनी जेवणारी, हे सगळं यमुनाबाईंनी कसंबसं गिळलं असतं. पण घोडनवरी? चार दिवसांत ती बातमी चार पेठांत पोचली. तेव्हापासून बावन्न वर्षं यमुनाबाईंनी तो टोमणा एक दिवसही थंड होऊ दिला नव्हता. राऊ सहा वर्षांपूर्वी गेला, वाड्याऐवजी फ्लॅट झाला, दोघी म्हाताऱ्या एका खोलीत झोपायला लागल्या, तरी रात्री दिवा घालवताना यमुनाबाई म्हणायच्याच, "तू घालव. मोठी आहेस ना?" मजा अशी, की दुर्गाबाईंना मराठी शिकवलं तेही यमुनाबाईंनीच. त्यामुळे उत्तरं यायची ती यमुनाबाईंच्याच ठसक्यात.

येत्या एक जानेवारीला दुर्गाबाईंची पंचाहत्तरी होती. खरी जन्मतारीख कुणाला ठाऊक नसल्यामुळे रावसाहेबांनी कागदावर एक जानेवारी बत्तीस लिहिली होती. हॉल ठरला, पत्रिका छापून आल्या, प्रमुख पाहुणे म्हणून पार्कसाहेब ठरले. आणि पार्कसाहेब येणार त्या रविवारच्याच जेवणाला श्रीधरच्या मुलाने, शुभंकरने, आपली मैत्रीण बोलावून ठेवली होती.

इथेच खरं दुखणं होतं. नम्रता लोणी काळभोरची, शेतकऱ्याघरची, हुशार. शुभंकरच्याच सॉफ्टवेअर कंपनीत होती. पण ती अठ्ठावीस, तो सव्वीस. शिवाय ती त्याची टीम लीड.

"म्हणजे लग्नाची रजासुद्धा हिच्याकडूनच मंजूर करून घ्यायची?" शुभंकरची आई, मुक्ता, कोशिंबीर कालवता कालवता म्हणाली. "आत्या, तुम्हीच काय ते बोला. तुमच्यापुढे तो गप्प बसतो."

"बोलते," यमुनाबाई म्हणाल्या. "एकदा झालं ते पुरे. या घरात आता दुसरी घोडनवरी नको."

दुर्गाबाई ओट्यापाशी उभ्या होत्या. त्या मोठ्या बरणीतून कोबीचं तिखट लोणचं काढत होत्या. शुभंकर म्हणजे त्यांचा जीव की प्राण. काल रात्री त्यांनी यमुनाबाईंना एवढंच म्हटलं होतं, "वन्सं, पोराचं मोडलंत तर मी तुमच्याशी बोलणार नाही." आणि यमुनाबाईंनी उत्तर दिलं होतं, "तेवढीच शांतता."

नम्रता बारा वाजता आली. वाकून नमस्कार केला, भांडी घ्यायला लागली, मुक्ताने "राहू दे हं," म्हटलं तरी राहू न देता घेतलीच. यमुनाबाईंना ती आवडली, आणि त्यामुळे त्या आणखी चिडल्या.

साडेबाराला पार्कसाहेब आले. पंचेचाळिशीचे, गोल चेहऱ्याचे, सुटाबुटात. दुर्गाबाईंना पाहताच त्यांनी बूट काढले, कोट सारखा केला आणि श्रीधरच्या त्या तीनदा पुसलेल्या फरशीवर गुडघे टेकून कपाळ लावून नमस्कार घातला. श्रीधरला आपल्या साहेबाच्या पाठीकडे बघू की नको असं झालं.

"बघ," यमुनाबाई शुभंकरला म्हणाल्या, "याला म्हणतात वाकणं. तुमचं आपलं गुडघ्यापर्यंत येऊन परत."

पार्कसाहेब उठले आणि हसून म्हणाले, "आज्जे, कसं काय? बरं हाय न्हवं?"

साहेब मराठी शिकले होते ते कारखान्यातल्या भैरू फोरमनकडून.

"'हाय' नव्हे. 'आहे'," दुर्गाबाई म्हणाल्या. "बसा."

जेवणाला अजून अवकाश होता. दुर्गाबाई साहेबांना घेऊन गॅलरीत बसल्या. यमुनाबाईही जाऊन बसल्या, कारण त्या दोघांच्या कोरियनमधलं ओ की ठो कळणार नसलं, तरी आपल्याविषयी बोलले तर चेहऱ्यावरून नक्की कळलं असतं. दुर्गाबाई अडखळत दोन वाक्यं बोलल्या आणि पार्कसाहेबांचे डोळे भरून आले.

"काय बोललीस गं त्यांना?"

"विचारलं, जेवता ना वेळेवर."

"लई जुनं बोलती आज्जी," पार्कसाहेब रुमालाने नाक पुसत म्हणाले. "आता आमच्यात असं कुनी बोलत न्हाई. माझी आज्जी बोलायची." मग ते यमुनाबाईंकडे वळले. "आत्या, तुमचं वय काय?"

"बाईमाणसाला वय विचारू नये, एवढं त्या भैरूने शिकवलं नाही वाटतं?"

"आमच्यात पयलं वयच इचारत्यात. मोठं कोन, बारकं कोन, कळल्याबिगर तोंड कसं उघडनार? बोली बदलती ना."

हे मात्र यमुनाबाईंना मनापासून पटलं. अहो-जाहो कुणाला करायचं ते आधी ठरायलाच हवं. त्यांनी शहात्तर सांगितलं. पार्कसाहेबांनी मान लववली आणि दुर्गाबाईंना कोरियनमध्ये काहीतरी विचारलं. दुर्गाबाईंनी एका शब्दात उत्तर दिलं, आणि देता देताच त्यांची नजर यमुनाबाईंकडे गेली आणि खाली झुकली. यमुनाबाईंनी ते टिपलं.

"कोंबडा!" पार्कसाहेब खूश होऊन म्हणाले. "माझी बी आज्जी कोंबडाच! आमच्यात हर सालाला येक जनावर असतंय, आत्या. बारा वर्सांनी फिरून तेच." ते बोटांवर मोजू लागले. "दोन हजार पाच कोंबडा. मंग मागं मागं... तेहेत्तीस." तिपाईवर पंचाहत्तरीची पत्रिका पडली होती, ती त्यांनी उचलली. "हितं तर बत्तीस छापलंय. बत्तीस म्हंजे माकड. आज्जी माकड न्हाई."

"माकड नाही ते दिसतंय मला," यमुनाबाई म्हणाल्या. "पण चोपन्न साली ती बावीस वर्षांची होती. तिने स्वतः सांगितलं होतं."

"बराबर. आमचं बावीस. आमच्यात पोर जल्मलं की येक वरीस धरत्यात. मंग नवं साल लागलं की समद्यांचं येक येक वाढतं. आज्जी कवा जल्मली?"

"लोणचं घालायच्या दिवसांत," दुर्गाबाई हळूच म्हणाल्या. "नोव्हेंबरात."

"म्हंजे दोन म्हैन्यांत दोन वर्साची!" पार्कसाहेब हसले.

यमुनाबाई हसल्या नाहीत. लहानपणी तोंडी गणितात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. तेहेतीसचा नोव्हेंबर ते चोपन्नचा मार्च, वीस वर्षं चार महिने. राऊ बत्तीसच्या गणपतीतला. तो एकवीस, ही वीस. त्यांनी पुन्हा मोजलं. पुन्हा तेच आलं. सव्वा वर्षाने लहान! घोडनवरी कसली, चांगली नेमस्त वयाची नवरी होती ती. आणि आपण चार पेठांत... त्यांनी साहेबांच्या हातातली पत्रिका काढून घेतली.

"पार्कसाहेब, हात धुऊन घ्या. पानं मांडतील आता."

साहेब उठून गेल्यावर त्या भावजयीकडे वळल्या. "तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"कधीपासून?"

"छप्पन्न सालापासून. श्रीधरच्या बारशाला तुम्ही म्हणालात, पोर एक महिन्याचं झालं. मी म्हटलं, हे काय, एक वर्षाचं नाही का? तेव्हा कळलं इथे कसं मोजतात ते."

"मग तेव्हाच बोलायला जीभ झडली होती?"

"पहिल्यांदा भीती वाटली. मेजरसाहेबांच्या कागदावर वय चुकीचं निघालं तर मला परत पाठवतील म्हणून. परत कुठे जाणार होते मी, वन्सं?" दुर्गाबाईंनी पदर सारखा केला. "मग भीती गेली. पण तोवर एक लक्षात आलं होतं. आळीतल्या बायका मला चिनी म्हणायच्या, नळावर पोरं डोळे ताणून दाखवायची. मी सगळ्यांना परकी होते. तुम्ही मात्र बोलायचात ते घोडनवरी म्हणून. शेजारच्या घरातल्या सुनेला तिची नणंद तेच म्हणायची. कुठल्याही सुनेला म्हणतील तसं तुम्ही मला म्हणायचात. मला बरं वाटायचं हो. म्हटलं, हे कशाला घालवा?"

यमुनाबाईंना रागच आला. बावन्न वर्षं आपण हिला झोडपतोय असं समजत होतो, आणि ही बया मनातून सुखावत होती!

"आता मी काय करू ते सांग."

"तुम्हाला कुणी काही सांगितलंय आजवर?" दुर्गाबाई उठल्या. "शुभंकरचं मात्र मोडू नका."

पानं मांडली. वरण-भात, आमटी, अळूची भाजी, कोबीचं लोणचं, जिलबी. मधुमेहाला न जुमानता यमुनाबाईंनी ताटात तीन जिलब्या घेतल्या, कारण मन शांत करायला त्यांना दुसरं काही माहीत नव्हतं. पहिला भात होतो न होतो तोच मुक्ताने तोंड फोडलं.

"नम्रता, तू चांगली मुलगी आहेस गं. पण वयाचं काय करायचं? लोक विचारणारच."

"आई, काय गं हे!" शुभंकर म्हणाला. "आजी आजोबांपेक्षा मोठी होती ना? शेहेचाळीस वर्षं झाला की नाही संसार? काही बिघडलं? इट्स नॉट अ बिग डील. आपल्या घरात ऑलरेडी झालेलं आहे हे."

"तेच तर. आत्यांनाच विचार काय काय सोसलं या घराने."

सगळ्यांनी यमुनाबाईंकडे पाहिलं. पोराची सगळी भिस्त आजीच्या वयावर होती. एक वाक्य बोललं की त्याचा आधार गळून पडणार आणि मुक्ताची सरशी होणार. पण ते वाक्य बोलायचं म्हणजे बावन्न वर्षांचं आपलं म्हणणं आपल्याच हाताने बुडवायचं. गप्प बसावं, तर मग नातसून मोठी यायची. दोन्हीकडून पंचाईत! आणि खोटं आयुष्यात बोलल्या नव्हत्या. चुकीचं बोलल्या होत्या, ते वेगळं.

"ही मोठी नव्हती," त्या म्हणाल्या.

"कोण?" श्रीधरने विचारलं.

"तुझी आई. राऊपेक्षा सव्वा वर्षाने लहान आहे. त्यांच्याकडे वय निराळं मोजतात. हे साहेब आत्ता सांगत होते, मी हिशोब तपासलाय."

"व्हय, व्हय," पार्कसाहेब जिलबी चघळत म्हणाले. "कोंबडा."

मुक्ताचा चेहरा खुलला. "म्हणजे या घरात मोठी सून कधी आलीच नव्हती! ऐकलंस ना शुभंकर? आता दाखला कुणाचा देणार?"

शुभंकरने आजीकडे पाहिलं. नम्रताने पाण्याचा पेला खाली ठेवला आणि अगदी शांतपणे म्हणाली, "काकू, मी जेवण झालं की निघते. तुम्ही नीट विचार करा, मला राग नाही." दुर्गाबाई पार्कसाहेबांना आमटी वाढत होत्या, ती त्यांच्या वाटीत न पडता ताटात पडली. त्यांनी यमुनाबाईंकडे पाहिलंसुद्धा नाही. ते न पाहणं यमुनाबाईंना सहन होईना.

"थांब, मुली. माझं बोलणं संपलेलं नाही."

खरं म्हणजे संपलेलं होतं. पुढे काय बोलायचं ते त्यांनाही माहीत नव्हतं. पण तोंड एकदा उघडलं की ते स्वतःची वाट स्वतः काढतं, हा त्यांचा अनुभव होता.

"मुक्ता, मी हिला बावन्न वर्षं मोठी समजले. राऊ हिचं ऐकायचा, मी म्हणायची, ऐकेल नाही तर काय, मोठी आहे ना ती. हिची पोळी जाड व्हायची, मी म्हणायची, वय झालं आता. अगं, बाविसाव्या वर्षी! म्हणजे विसाव्या! राऊचे केस हिच्या आधी पिकले तर मी म्हटलं, हिने रंगवले असणार. काय हवं ते मला दिसायचं. आणि त्यातलं एकही खरं नव्हतं." त्यांचा आवाज जरा चिरकला, म्हणून त्यांनी तो चढवला. "एका घरात राहून, एका खोलीत झोपून मला कळलं नाही ही मोठी की लहान. राऊला कळलं नाही. कुणालाच कळलं नाही. मग जे बावन्न वर्षांत कळत नाही, ते यांच्या लग्नात आडवं कसं येणार? मी चुकले."

हे दोन शब्द खळदकरांच्या घरात यमुनाबाईंच्या तोंडून आजवर कुणी ऐकले नव्हते. श्रीधर घास हातात धरून बसला.

"पण आत्या," मुक्ता चाचरत म्हणाली, "ती त्याची साहेबीण आहे!"

"मग बरंच झालं. या घरातल्या पुरुषांना कुणीतरी सांगावंच लागतं. श्रीधर, तो घास तोंडात घाल."

श्रीधरने घातला. शुभंकर उठून आत्याआजीच्या गळ्यात पडायला आला, तर त्यांनी त्याला उष्ट्या हाताने परत बसवलं. नम्रता हसत होती आणि डोळे पुसत होती. मुक्ताने उसासा टाकून नम्रताच्या ताटात न विचारता भात वाढला. पार्कसाहेबांना काय घडलं ते अर्धंच कळलं होतं, पण काहीतरी चांगलं झालंय हे ओळखून त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"वन्सं," दुर्गाबाई म्हणाल्या, "ते शेवटचं परत एकदा म्हणाल का? या कानाने कमी येतं हल्ली."

"चुकले एकदाच म्हणायचं असतं."

"पण आत्या, पत्रिका छापल्यात!" श्रीधरला आता आठवलं. "एक जानेवारीचा हॉल घेतलाय. आई त्र्याहत्तरच वर्षांची असेल तर पंचाहत्तरी कसली करायची?"

"त्या दिवशी या दोघांचा साखरपुडा करा," दुर्गाबाई म्हणाल्या. "माझं दोन वर्षांनी बघू." मग त्या नणंदेकडे वळल्या. "पण त्या वेळी तुम्ही हव्यात, वन्सं. माझं वय चार पेठांत तुम्ही सांगितलंत. आता खरं वयही तुम्हीच उभं राहून सांगायचं. दुसऱ्या कुणाचं लोकांना पटणार नाही."

"म्हणजे मी आणखी दोन वर्षं जगायचं?"

"हो."

"शहात्तर झालीत मला. डॉक्टर काय म्हणाला ते ऐकलंयस ना?"

"ऐकलंय. तरी."

यमुनाबाईंनी आपलं ताट पुढे सरकवलं.

"बरं. मग या दोन जिलब्या काढ आधी."